पिटुकल्याचा रकाना

प्रिय पिटुकले,

आधी आकडा सांगतो. आज सकाळी सहा अठ्ठावीस ते नऊ पाच, एक हजार सातशे चौतीस पाखरं. एकोणीस वर्षांत आपल्या गच्चीवरून एका सकाळी एवढी कधी गेली नाहीत. तीन दिवस उलटा वारा होता, त्यानं सगळी पलीकडे अडवून धरली होती. पहाटे वारा पडला आणि टेकडीच्या खिंडीतून पोतं फाटावं तशी सुटली. नुसते धोबी पक्षीच नऊशे सहा. शिवणयंत्रातून काढलेलं ते टाके मोजायचं चक्र मी लाकडी मुठीवर बसवलंय ना, त्यानं उजवा अंगठा सोलून निघाला. डाव्या हातानं वहीत पाचापाचाच्या रेघा. तुझ्या आईनं दोनदा चहा आणला आणि दोनदा साय धरलेला खाली नेला, तोंडातल्या तोंडात माझा उद्धार करत.

आता त्या रकान्याचं. पुस्तकात त्याला पर्णवटवट्या म्हणतात, पण तू आठ वर्षांची असताना बोट वर करून तो मला पहिल्यांदा ऐकवलास, म्हणून आपल्या वहीत तो तुझ्याच नावानं ‘पिटुकला’ आहे. पानाआड बसतो, दिसत नाही, कानानंच मोजायचा. तीन वर्षांपूर्वी वही तुझ्या पक्षिगणनेच्या कार्यालयातून तपासून परत आली तेव्हा त्या रकान्याला तुझ्या पेन्सिलीचा घेर होता. सात हंगाम मी ओळीनं ‘नाहीत’ लिहिलं होतं. तू एवढंच म्हणालीस, “बाबा, ‘नाहीत’ लिहू नका. ‘मला ऐकू आले नाहीत’ असं लिहा.” त्यावर मी काय बोललो ते आपल्या दोघांनाही पाठ आहे. सातवीनंतर शाळा पाहिली नाही, पण दुरुस्तीला आलेलं यंत्र दारातून आत येताना कुठला स्क्रू ढिला आहे ते मी कानानं सांगतो, आणि तू बापाचेच कान उपटायला निघालीस, असं मला झालं. तेव्हापासून तुझा फोन आईला येतो आणि मी शेजारच्या खोलीत उगाच तेलाची बाटली शोधतो.

गेल्या महिन्यात धुलाईयंत्राची शिट्टी बंद पडली. मी तिचा भाग बदलला. तरी गप्प. पुन्हा बदलला. तिसऱ्यांदा मागचं झाकण उघडून बसलो, तेव्हा तुझी आई हसून हसून स्टुलावर बसली. म्हणाली, “अहो, ते केव्हाचं बोंबलतंय.” कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यंत्रांच्या खडखडाटात तीस वर्षं काढली की बारीक सूर आधी जातात, जाड तेवढे उरतात.

कानात यंत्र घालून आज पहिल्यांदाच गच्चीवर गेलो. सात बाराला काहीतरी ‘चिप्’ वाजलं. वाटलं, हेच कुरकुरतंय. सवयीनं स्क्रू चाचपला. पुन्हा ‘चिप्’. समोरच्या झाडाचं एक पान हललं. मग पलीकडचं. झाडभर तोच. एकूण एकसष्ट. सात बारा ते सात चौदा ही दोन मिनिटं मी काहीच मोजलं नाही. वहीत तसं नोंदलंय. कारण नोंदलेलं नाही.

नऊ पाचनंतर वही घेऊन मागची दहा हंगामांची पानं काढली, कारण तू सांगून गेल्यावरही तीन वर्षं मी हट्टानं तेच लिहीत होतो. खोडाखोड मला चालत नाही हे तू जाणतेस. म्हणून खोडलं काहीच नाही. प्रत्येक ‘नाहीत’च्या आधी लाल शाईनं तीन शब्द घातले: ‘मला ऐकू आले’. दोनशे तेरा ठिकाणी. एखादं सुटलं असेल तर ते तपासणारं माणूस एकच आहे, आणि हे पत्र त्याच्यासाठी. शनिवारी वारा पुन्हा उलटा फिरेल, रविवारी पडेल, असा माझा अंदाज आहे. तुझी खुर्ची पुसून ठेवली आहे. पेन्सिल तेवढी तुझी आण.

तुझाच, आता ऐकणारा,
बाबा