पोटात गेलेली दाढेची टोपी

जळगाव, सोमवार

ती. भिकुबाई अक्कास धाकट्या नवलचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा. मी जिवंत आहे. (आधीच लिहितो, कारण पुढचं वाचून तुला शंका येईल.) फोन केला असता, पण तू स्पीकर लावतेस आणि माझं पोट सगळी गल्ली ऐकते. म्हणून शेजारचा जीवराम उद्या शिंदखेड्याला येतोय, त्याच्या हाती हे पत्र.

मागच्या मंगळवारी असोद्याला माझा जुना मित्र लोटन याच्या मळ्यात भरिताचा बेत होता. कळण्याची भाकरी, वर कांदा. दुसऱ्याच घासाला काहीतरी कडक लागलं, मी मिरचीचं देठ समजून गिळलं. मग जीभ उजव्या दाढेकडे गेली तर दाढ बोडकी! चार महिन्यांपूर्वी बसवलेली धातूची टोपी पोटात! मी किंचाळलो. लोटन म्हणाला, "काही होत नही भो, कोंबड्या तं खडे खातात," आणि माझ्या ताटात आणखी भरीत वाढलं.

दवाखान्यात एक्स-रे काढला. टोपी जठरात होती. डॉक्टर तरुण, समजावून सांगायची भारी हौस. म्हणाले, जठरात आम्ल असतं, मांससुद्धा विरघळवतं. मी घाबरत विचारलं, "मग जठर का विरघळत नाही?" "आतून चिकट थर असतो ना काका. शिवाय अस्तर दर काही दिवसांनी नवं तयार होतं." अक्का, इतकी वर्षं मी या एवढ्याशा अस्तराच्या भरवशावर ठेचा खाल्ला! एखाद्या वेळी नवं यायला उशीर झाला तर? जठरापुढे लहान आतडं, वीस फूट. (ओट्यापासून तुळशीपर्यंत मोजलं, तरी उरलं.) कुठे अडकली तर पोट उघडावं लागेल, नाहीतर चार-पाच दिवसांत आपोआप येईल, रोज तपासा, म्हणाले. कसं तपासायचं ते लिहीत नाही. तुझ्या भावजयीकडे, कोकिळेकडे, आशेनं पाहिलं तर ती म्हणाली, "संसारात सगळं केलं मी तुमचं. हे तुमचं तुम्ही बघा." आणि एक जुनी चाळणी काढून दिली, परत स्वयंपाकघरात न आणण्याच्या अटीवर.

मग मी पोटावर हात ठेवून बसून राहायचो. गुडगुडलं की वाटायचं, टोचली. गप्प झालं की वाटायचं, अडकली. कोकिळा केळी सोलून देत होती, मी ती परीक्षेच्या पेपरासारखी हातात धरून बसायचो. शनिवारी सकाळी चाळणीत टक्कन वाजलं. मी संडासातूनच ओरडलो. कोकिळेनं देवापुढे साखर ठेवली.

तुझा,
नवल

ता. क. दातांचे डॉक्टर म्हणतात, टोपी निर्जंतुक करून तीच परत बसवता येईल. मी हात जोडले.

ता. क. दुसरा. पत्राचं खरं कारण हे. रोज बघत होतो म्हणून दिसलं. दोन दिवस डांबरासारखं काळं होतं. डॉक्टर म्हणाले, वर कुठेतरी रक्त जातंय, बहुतेक व्रण असेल. गुरुवारी तोंडातून नळी घालून बघणार आहेत. त्यांचा तो 'बहुतेक' मी कोकिळेला सांगितलेला नाही. किती दिवसांनी ती हसतेय. तू बुधवारी ये. साड्या बघायला आले म्हण. गुरुवारी मला उपाशी बोलावलंय. तू मात्र पोटभर खाऊन चल. बाहेर बाकावर किती वेळ बसावं लागेल, हे विचारायचा मला धीर झाला नाही.