एका अंगाला वायू आत येतोय

आबा, तुमाला जाऊन चाळीस वर्षं झाली आणि तुमची आठवण काढायचं मला, तुमच्या लेकीला, काही कारण नव्हतं. पण मागल्या पंधरवड्यात माझी नात येडगावला घरी आली. ती आभाळातलं शिकते. आपल्या शिवारापलीकडं जाळीच्या मोठमोठ्या थाळ्या उभ्या केल्यात, त्यांच्यात आभाळातली खरखर गोळा होते, ती घेऊन ही पुण्यात कॉम्प्युटरपुढं बसते. तुमी तिला रिकामटेकडी म्हणाला असता. तुमी काय म्हणाला असता ह्याला आता कोण इचारतंय.

मी भाकऱ्या थापत व्हते आणि ती शेजारी बसून सांगत व्हती. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा अफाट घोळका, त्याच्या मधोमध एक काळं विवर. "म्हंजे सगळं गिळतं ते?" मी इचारलं. "नाही गं आज्जी, तिथंच सगळे चुकतात. गिळतं थोडंसंच. वायू त्याच्याभोवती गरगर फिरून तापतो, आणि तिथनं असा जोर सुटतो की लांबलांबचा वायूसुद्धा ढकलला जातो. तारे वायूचेच होतात. वायू गेला की नवे तारे बंद." आबा, माझ्या डोळ्यापुढं तुमीच आला. खायचा दोनच भाकरी, पण घराच्या मधोमध बसून असे फुत्कारायचा की माझा थोरला भाऊ आळे गावाला निघून गेला, धाकटा वारूळवाडीला सासऱ्याच्या दारात जाऊन राहिला, आणि आपल्या घरात कुणाचं काही नवं उभं राहिलं न्हाई. फरक एवढाच, की विवराकडं बघायला माणसं जन्म घालवतात. तुमच्याकडं कुणी फुकट बघितलं नसतं.

मग तिनं खरं दुखणं काढलं. एका दीर्घिकेतला वायू सगळा बाहेर चाललाय असं तिच्या साहेबांनी लिहून ठेवलंय. हिला तो एका अंगाला आत येताना दिसतोय. तीनदा तपासलं. "सोमवारी सगळ्यांपुढं मांडायचंय. बोलले तर साहेब चिडणार, पुढं मला ठेवतील का माहीत नाही. काय करू?" आणि माझ्या तोंडातनं निघालं, "गप बस. मोठ्यांपुढं बोलू न्हाई."

ते बोलणं माझं नव्हतं, तुमचं व्हतं. तवा मी नऊ वर्षांची. खळ्यात आई वावडीवर, त्या उंच तिवईवर, उभी राहून पाटीतनं बाजरी सोडतेय, वारा भुसा पलीकडं नेतोय, खाली दाण्यांची रास वाढतेय. रास मापून होईस्तोवर खळ्यात कुणी तोंड उघडायचं न्हाई, बरकत जाते, हा तुमचा नेम. आणि वारं फिरलं. भुसा राशीवर पडाय लागला. आईच्या तोंडाडोळ्यांवर पदर, तिला दिसेना. तुमाला दिसत व्हतं, पण नेम मोडंल म्हणून तुमी ढिम्म. मी वरडले, "आबा, वारं फिरलं!" तुमी सगळ्यांदेखत माझ्या मुस्काटात दिली. "हिच्या तोंडानं फिरलं वारं," म्हणालात. आई दोन दिवस तीच रास पुन्हा उफणत राहिली, डोळे सुजले तिचे. आणि लई बोलाय शिकली म्हणून माझी शाळा बंद. एवढ्या मिश्यांचा बाप्या, वाऱ्याला हात लावता येईना म्हणून पोरीला मारतो. मला तुमचा राग येत न्हाई. राग यायला समोर माणूस लागतो.

दुसऱ्या दिवशी ती पिशवी भरत व्हती तेव्हा मी म्हणाले, "काल बोलले ते सोडून दे. दिसतंय ते सांग."

"आणि हाकललं तर?"

"हाकलू दे. वायू काय साहेबाच्या बाला इचारून फिरतो?"

हसली पोरगी. सोमवारी बोलली. साहेब म्हणाले, पुन्हा मोजा, मग बघू. ती मोजतेय. तिला ठेवणार का काढणार, अजून कुणी सांगितलेलं न्हाई. फोनवर म्हणते, "आज्जी, तुझ्यामुळं धीर आला."

हा कागद कुठं धाडायचा न्हाई, आणि तुमाला वाचता तरी कुठं येत व्हतं. म्हणून तिला सांगितलं न्हाई ते लिहून टाकते. तिला हाकललं तर ती हिथं माझ्यापाशी येऊन राहील, हे आधी मनात आलं. मग मी तिला बोल म्हणाले.