बाबांचं पिस्तूल चकचकीत केलं त्याचं

११ जाने. ९५
घरमालक बाबांचा थोरला, दादूस, आज कारखान्यात आला. टॉवेलातून पिस्तूल काढून माझ्या बफिंगच्या टेबलावर ठेवलं. बाबांचं, लायसनचं. जुन्या घडणीचं, काळंकुट्ट, लाकडी मूठ. माझे हात नळ न् हँडलं घासणारे.
म्हणाला, "जालन्या, आरसा कर. वर निकेल, मूठ पांढरी. हलदीन नाचताना काढली का लोकांनी बघतच रावलं पायजे."
बाबांना विचारलंत का?
"त्यांना काय कलतं!"
शेठ म्हणाला, कर रे, गावातला माणूस आहे.

१२ जाने.
झालं. ओरखडा, डाग, खोदलेलं, काही ठेवलं नाही. खड्डा राहिला की शेठ माल तोंडावर फेकतो. तोंड दिसतंय त्यात.

१४ जाने. संक्रांत
दादूसनं तिळगूळ देऊन पिस्तूल बाबांच्या हातात ठेवलं.
बाबा: "ही माझी नाय. ही नाचनारनीची हाय."
"कालं कोन बघतं आता, बाबा?"
"बघायची नसतेच रं ती. घरान हाय, येवढं लोकांना ठाव पायजे."
मला चमकतंय तेच आवडलं. तिळगूळ घेऊन खोलीवर आलो. भाड्यानं राहतो त्यांच्यात.

१९ जाने.
इलेक्शन. लायसनवाल्यांनी हत्यारं पोलीस स्टेशनात जमा करायची. बाबांना बारीक दिसत नाही. मला लायसनवरचा नंबर वाचायला लावला. वाचला. "आता हिच्यावरचा वाच."
नाही. दोन्ही बाजू फिरवून बघितलं. मीच घासला.
म्हटलं उजेड कमी आहे, बाबा.

२० जाने.
शेठ: "कसलं पिस्तूल? मी बघितलंच नाही."
दादूस: "मी पुसायला दिलेली. नंबर उडव बोललो का? बिननंबरची घावली तर गँगवाला म्हनून सरल आत."
म्हणजे कोण आत? मी. परगावचा, सातवी नापास.
गल्लीत पोलिसांची जीप थांबली की खोलीतला दिवा घालवतोय. जालन्याची गाडी धरावी तर... पळालो म्हणजे मीच चोर.

२१ जाने.
बाबांना सांगितलं. बराच वेळ अंगठा फिरवत बसले त्या जागेवर.
"मना तवाच का नाय सांगलास?"
पिस्तूल फडक्यात गुंडाळलं त्यांनी.
"सोमवारी माझे संगती चल."
दादूस नाही येणार. मोरा बंदरावर मावशीकडं गेलाय म्हणे.

२३ जाने.
पोलीस स्टेशनातल्या बाकावर लिहितोय. हात चालू राहिला की बरं वाटतं. बाबा शेजारी, टोपी मांडीवर.
हवालदारानं फडकं सोडलं, पिस्तूल खिडकीकडं धरलं. "आयला! कुणी केली हो पॉलिश?"
बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी हात वर केला, शाळेत करतात तसा.
"भारी आहे रे कारागिरी. कुठला तू?"
जालना म्हणालो.
"बसा. साहेब जेवून आले की नंबर ताडून पावती देतील."
लायसन न् पिस्तूल टेबलावर, शेजारी शेजारी. बाबा म्हणाले, "आधी मी बोलीन. तू मंग." बाहेर जीपचं दार वाजलं