चोळीची ठुशी

बाई, काल तिवस्यात चोळी फाटली नाही. सांगायचं एवढंच होतं. पण एका वाक्यात थांबायला तुम्ही मला कधी शिकवलंच नाही, तेव्हा आता ऐका.

शंभर वर्षांपूर्वीच्या जिनातल्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातल्या, बायांवर मी नाटक लिहिलंय. कापसाच्या धुळीत खोकत सरकी वेगळी करणाऱ्या, आणि एक दिवस काम टाकून फाटकाबाहेर येऊन बसणाऱ्या बाया. शेवटी त्यांच्यातली एक रुईच्या गाठीवर चढते, दोन्ही हात वर करते आणि बोलते. त्या एका भाषणासाठी मी बाकीचं नाटक रचलं, हे तुम्ही पहिल्या वाचनातच ओळखलं असतं. पहिला प्रयोग अकोल्याला होता. कपडे ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने घेतले. त्याने चोळ्या काढल्या, तर सगळ्या चकचकीत साटनच्या. मी म्हटलं, "अहो, ही मजूर आहे, राणीची दासी नाही." तो म्हणाला, "मॅडम, जुनं म्हनलं का चमक लागतेच. अन् लांबून कोनाले दिसते?" मग त्याच्या दुकानात उभी राहून मी त्याला सुनावलं, की आपल्या रंगभूमीला वाटतं भूतकाळात फक्त दरबार होते, घाम कोणाला येतच नव्हता. त्याने शांतपणे ऐकलं आणि साटनच बांधून दिलं. प्रयोग तोंडावर होता. मी घेतलं.

आणि ऐन भाषणात ते काम करणाऱ्या पोरीने हात वर केले, तशी चोळी बगलेपासून टर्रकन उसवली. माइक तिच्या छातीशीच, त्यामुळे तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. लोक हसले. एकाने शिटी मारली. पोरीने पदर ओढून घेतला आणि माझं सगळं भाषण दंड अंगाला चिकटवून, बातम्या वाचाव्यात तसं संपवलं. पडदा पडल्यावर ती माझ्यासमोर उभी राहिली. अमरावतीत राजापेठेत शिकवणी घेते ती, तिच्या विद्यार्थ्यांच्या आया खास अकोल्यापर्यंत येऊन समोर बसल्या होत्या. "ताई, मी भाषण करू का बगल सांभाळू? तिवस्याच्या प्रयोगाले दुसरी कोनी पाहा." दुसरी कोणी नव्हती. ती नसती तर नाटक अकोल्यातच संपलं असतं.

अमरावतीला परतताना बसमध्ये मला तुम्ही आठवलात. शाळेच्या स्टेजमागची ती अरुंद खोली, वक्तृत्व स्पर्धेचा दिवस. माझ्या अंगात आईचं टीप घालून लहान केलेलं पोलकं आहे. तुम्ही मला उलटसुलट फिरवून पाहता आणि विचारता, "ठुशी हाय का वं?" माझा हात गळ्याकडे जातो. गळ्यात काळा दोरासुद्धा नाही. डोक्यात जाळ उठतो आणि मी तुम्हालाच भाषण ठोकते, की दागिना घातल्याशिवाय गरिबाच्या पोरीने बोलूच नये काय? तुम्ही तोंडात टाचण्या धरून माझं सगळं ऐकून घेता. मग टाचण्या काढून म्हणता, "झालं? आता गळा कावून चाचपून राहिली? बगलेतली ठुशी म्हनतो मी! काखेत तुकडा नसला तं हात वर कसा करशील, माय?" आणि तिथेच बगलेची शिवण उसवून तुम्ही एक चौकोनी तुकडा तिरका बसवता, दुहेरी शिवणीने. "बोलनाऱ्यानं कपड्याची फिकीर करत बोलू नाही," हे तुमचं वाक्य. पुढे मोठमोठे ग्रंथ वाचले, पण व्यासपीठावर कामी आलं ते हेच.

अमरावतीतली दुकानं पालथी घातली, सगळीकडे साटन नाहीतर पॉलिस्टर. शेवटी परतवाड्यात जाड मांजरपाट मिळालं, धुतल्यावर आणखी घट्ट होणारं. मी ते दोन्ही मुठींत धरून इतकं ताणलं, की दुकानदार म्हणाला, "ताई, कापड घ्याले आल्या का भांडाले?" दोन्हीसाठी, मी म्हटलं. घरी येऊन त्या पोरीला निरोप पाठवला: कापड मिळालं, चोळीला ठुशी हवी, उद्या ये.

ती आली ती हातात मखमली डबी घेऊन. आत सोन्याची ठुशी. "सासूबाईची मागून आनली. पन ताई, खरं सांगू का? जिनातल्या मजुरनीच्या गळ्यात ठुशी कुठून आली? तिच्या घरी चूल पेटायचे वांधे! तुमीच म्हनता चमक नको, अन् तुमीच..." आवाज चढलेला, बोट माझ्याकडे रोखलेलं. बाई, मला इतकं हसू आलं की मी मशीनवर डोकं टेकलं. हेच ते भाषण, हाच तो जाळ. मला फक्त तोंडात टाचण्या धरायच्या राहिल्या होत्या. मग मी तुकडा कापला, तिरका लावला, दुहेरी शिवला. तिने चोळी चढवली, आरशात पाहिलंच नाही. सरळ हात वर केले. आणखी वर. मग म्हणाली, "तिवस्याले किती वाजता निघाचं?"

काल ती गाठीवर चढली. हात वर गेले ते शेवटपर्यंत खाली आलेच नाहीत. ना हसणं, ना शिटी; शेवटी फक्त टाळ्या. लोक येऊन म्हणाले, काय भाषण लिहिलंय! मी मान डोलावली.

तुम्ही तर गेलात, आता हा कागद कुठे पाठवू? चोळ्यांच्या घडीत घालायला कागद लागतोच, तिथेच ठेवते. तिथे कोणी वाचणार नाही, म्हणून सांगून टाकते: ते भाषण मी ऐकलंच नाही. पूर्ण वेळ मी विंगेत उभी राहून तिची बगल पाहत होते.