टँकर डावीकडे का वळवलात?

अहो,

'प्रिय' असं लिहून दोनदा खोडलं. सदतीस वर्षांत कधी तुम्हाला प्रिय म्हटलं नाही, आता म्हणायला लागले तर तुम्हीच वरून विचाराल, "काय गं, बरी हायस न्हवं?" तेव्हा आपलं नेहमीचंच बरं.

लिहायला बसले, कारण आज सकाळी तुमच्या आग पथकाची माणसं घरी आली होती. तुमच्या मागं पथक सांभाळणारा सलीम, आणि त्याच्याबरोबर आणखी चौघं. टँकरच्या शेडमध्ये तुमचा फोटो लावायचाय म्हणाले. मला भरून आलं. पण त्यांच्या मागं दारात कोण उभं होतं, सांगू? तुमचे धाकटे भाऊ! गेल्या वर्षी तुमच्या मातीला आले होते, खांदाही दिला होता, पण घराचा उंबरा भाऊजींनी चार वर्षांनी ओलांडला.

बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "फोटो लावा की. हार बी मीच घालतो. पर वैनी, त्याच्या आदी येक सांगा. त्या दिशी दादानं टँकर डावीकडं का वळवला? तुमास्नी ठावं असंलच."

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी म्हटलं, "बसा, च्या टाकते," आणि आत पळाले. चहा उतू गेला, गॅस विझला, तरी मी तिथंच उभी. बाहेर आले तर भाऊजी निघून गेलेले. सलीम म्हणाला, "काकी, उद्या सकाळच्याला परत येतो म्हणाल्यात."

आता मी काय सांगू त्यांना? मलाच ठाऊक नाही हो! तुम्ही खरंच का वळवलात?

मला पथकाचा सगळा इतिहास पाठ आहे, एवढी एक गोष्ट सोडून. लग्न होऊन मी या गावात आले त्याच वर्षी वरच्या मळ्यातला ऊस पेटला होता. शहरातून आगीचा बंब आला, पण रानाकडे जाणाऱ्या आपल्या अरुंद पाणंदीत तो शिरेचना. बंबवाल्यांचा काय दोष! बिचारे डांबरी रस्त्यावर उभे राहून बघत होते, आणि पलीकडे पाच जणांची रानं उभी जळली. त्या आठवड्यात तुम्ही दोघा भावांनी दूध डेअरीची जुनी टाकी मागून आणली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसवली, तिला पंप जोडला. पहिली दोन वर्षं त्या पाण्याला आंबूस वास यायचा. विझवलेल्या आगीलाही यायचा म्हणे! डेअरीचा भोंगा तीनदा वाजला की जेवणाचं ताट सोडून पळायचं, हे तेव्हापासून. पगार नाही, भत्ता नाही. विहिरीत पडलेल्या म्हशी तुम्ही काढल्यात, पुरात म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठीवर घेऊन आलात, उन्हाळ्यात लग्नघरी पाणी पोचवलंत. मी चिडून म्हणायचे, माझ्यापेक्षा त्या टँकरलाच नांदवायला आणायचा होता. तुम्ही नुसते हसायचात.

आणि नियम! दोनच, पण काळ्या दगडावरची रेघ. पहिला, टँकर पथकातल्या माणसाच्या रानाकडे शेवटी जाणार, आणि प्रमुखाच्या रानाकडे सगळ्यांच्या शेवटी. दुसरा, तोडणीच्या दिवसांत उभ्या उसात एकट्यानं शिरायचं नाही, बाईमाणसानं तर नाहीच. हा दुसरा नियम तुम्ही दरसाल देवळाच्या कर्ण्यावरून ओरडून सांगायचात.

त्या दिवशी मी जयसिंगपूरच्या बाजाराला म्हणून घरातून निघाले. आठवतंय? एसटी चुकली. फाट्यावरून परत आले, तर तुम्ही डेअरीत गेलेले. गोठ्यात वैरण नव्हती. म्हटलं, बसून काय करायचं, एक भारा गवत आणू. वळचणीला खोचलेला विळा घेतला आणि आपल्या रानात, उसाच्या पार मधल्या बांधावर जाऊन बसले. कर्ण्यावरून ओरडणाऱ्या माणसाची बायको!

भोंगा ऐकला तेव्हा धूर डोक्यावर आला होता. आग कुठल्या अंगानं येतेय तेच कळेना. पाचट तडतडत होतं. एक मुंगूस माझ्या पायावरून पळत गेलं. विळा, भारा सगळं टाकून मी त्याच्या मागं धावले. खोटं नाही सांगत, त्या मुंगसानंच वाट दाखवली. मागं तुमच्या ट्रॅक्टरचा आवाज आला, भाऊजींचं "सोड, पाणी सोड!" ऐकू आलं, आणि पानांवर पाण्याचा फवारा. मी ओढ्यात जाऊन पडले.

पुढचं गावानं सांगितलं. पाणंदीच्या तोंडाशी दोन्हीकडे आग लागलेली. डावीकडे आपला खोडव्याचा ऊस, तोडायला आलेला. जळला असता तरी कारखान्यानं नेला असता. उजवीकडे भाऊजींचं नव्या जातीचं बेणं, लेकरासारखं पोसलेलं. बेणं जळलं की संपलं, लावायला काय उरणार? टाकीत पाणी एका रानापुरतं. शेंबडं पोरसुद्धा सांगेल कुठं वळायचं ते. आणि तुम्ही डावीकडे वळलात! पाईप भाऊजींच्या हातात. मोठ्या भावाचा शब्द म्हणून ते आपल्या उसावर पाणी मारत राहिले, आणि त्यांच्या पाठीमागं त्यांचं बेणं जळत होतं.

गाव म्हणालं, नियम करणाऱ्यानंच मोडला. तुम्ही एका शब्दानं उत्तर दिलं नाहीत. आठवड्याच्या आत पथक सलीमच्या हवाली केलंत. दोनदा भाऊजींच्या दारात जाऊन आलात, त्यांनी दार उघडलं नाही. उघडलं असतं तर काय सांगणार होता?

मला एकच विचारायचंय. मी रानात आहे हे तुम्हाला ठाऊक होतं का?

कधी वाटतं, होतं. तुम्ही मध्ये जेवायला घरी आला होता, संध्याकाळी मी आले तेव्हा ताट खरकटं पडलेलं होतं. वळचणीला विळा नाही हे बघितलं असेल. लगेच दुसरं मन म्हणतं, कसलं बघताय! कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारा माणूस तो, त्याला माझा विळा दिसणार? मग वाटतं, धुरात तुम्हाला डावं-उजवंच कळलं नसेल. किंवा खरंच आपला ऊस वाचवावासा वाटला असेल. माणूसच होतात तुम्ही, देव नव्हतात. यातलं काय खरं धरू?

मीही कमी नाही. ओढ्यावर अंग धुतलं, आणि चक्क परतीच्या एसटीच्या वेळेपर्यंत तिथंच बसून राहिले. घरी आले तर तुम्ही ओट्यावर. सगळं तोंड काळं. मला बघितलंत आणि विचारलंत, "काय आणलंस बाजारातनं?"

मी म्हटलं, "काय न्हाय. म्हाग हाय सगळं."

तुम्ही "बरं" म्हणालात. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बघते, तर विळा वळचणीला! मुठीला राख लागलेली. म्हणजे नंतर तरी तुम्हाला कळलं होतं. की आधीच ठाऊक होतं, म्हणून शोधून आणलात? मग त्या 'बरं'चा अर्थ काय? एवढा राग होता तर ओरडायचं होतंत! राग नव्हता तर सांगायचं होतंत!

आणि मी का गप्प बसले? म्हटलं, प्रमुखाच्याच बायकोनं नियम मोडला हे गावाला कळलं तर तुमची मान खाली जाईल. तुमची मान वर ठेवायला म्हणून गप्प राहिले, आणि ती खालीच गेली, ती शेवटपर्यंत. कदाचित तुम्हीही मला कुणी बोल लावू नये म्हणून गप्प होता. एका ताटात जेवलो आपण, आणि दोघांच्याही तोंडाला कुलूप. तीन वर्षं! माझ्या एका वाक्यानं भाऊ भावाशी बोलला असता. दवाखान्यात तुम्ही माझा हात धरून दाराकडे बघत होता, तेव्हा कुणाची वाट बघताय हे मला कळत होतं. तरी बोलले नाही. हे मात्र मला स्वतःलाच माफ करता येत नाही.

दिवसभर हा विळा मांडीवर घेऊन बसलेय. याला तरी काय विचारायचं? तुम्ही सांगणार नाही, आणि मला आता कधीच कळणार नाही. पण लिहिता लिहिता एक गोष्ट हाताला लागली. तुमच्या मनात काय होतं ते सोडा. त्या दिवशी ती आग थांबली नसती, तर ओढा गाठायला माझे पाय पुरले नसते. ट्रॅक्टर तुम्ही वळवलात, पण पाईप कुणाच्या हातात होता?

म्हणून तुम्हाला शब्द देते. उद्या भाऊजींना आपल्या दारात येऊ देणार नाही. त्यांनी यायच्या आधी मीच जाईन, विळा हातात घेऊन, पदराखाली झाकून नाही. सांगेन, भाऊजी, त्या दिवशी मी रानात होते. तुमच्या दादाला ते ठाऊक होतं का, मला माहीत नाही. पण तुमचं बेणं जळत असताना तुम्ही ज्या उसावर पाणी मारत होता, त्या उसात तुमची वैनी होती.

मग ते हार घालोत, नाहीतर न घालोत.

तुमची,
शालन