वाळवायचं मशीन आणि माझी वणवण

आदरणीय भाऊजी,

वाकून नमस्कार. (वाकलं की सरळ होताना कंबर कुरकुरते, म्हणून एकदाच वाकले. त्यातला निम्मा नमस्कार जाऊबाईंना द्यावा.) तुमचा गुडघा आता जिने चढू देतो का? जाऊबाईंचा खोकला थांबला का? इकडे तुमचे बंधू नेहमीसारखे शांत, आई खणखणीत, आणि मी वेड लागायच्या बेतात.

खालच्या खोलीत माझी लाँड्री चालते हे तुम्हाला ठाऊकच आहे. धुणं माझ्या हातात, इस्त्री माझ्या हातात, वाळणं मात्र हवेच्या मर्जीवर, आणि हवेचं डोकं हल्ली ठिकाणावर नाही. ऊन असं पडतच नाही. खोलीत, जिन्यात, गॅलरीत, जिकडेतिकडे ओल्या चादरी. परवा तुमचे बंधू आंघोळ करून निघाले आणि चादरींतून वाट काढता काढता थेट शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात पोचले. (टॉवेलवर होते. शेजारीण अजून माझ्याशी धड बोलत नाही.) त्यातच कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या मेट्रनबाईंचा निरोप आला, की चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे कोट रोजच्या रोज खडखडीत वाळून मिळणार असतील तर काम तुमचं, नाहीतर आम्ही दुसरी लाँड्री बघतो. भाऊजी, हे काम गेलं असतं तर इस्त्री करणाऱ्या दोघींना घरी बसवावं लागलं असतं, आणि त्यातल्या एकीच्या पगारावर तिचं अख्खं घर चालतं. म्हणजे वाळवायचं मशीन हवंच, आणि मशीनसाठी पैसे हवेत.

आधी बँकेत गेले. मॅनेजर माणूस गोड. खुर्ची दिली, पाणी दिलं, कर्ज तेवढं दिलं नाही. तारण काय ठेवणार, असं विचारलं. मी म्हटलं, मशीनच ठेवून घ्या की. ते कुठे आहे, म्हणाले. अहो, तुम्ही पैसे दिलेत की येईल! “मग आलं की या,” म्हणाले, आणि मला दारापर्यंत सोडायलाही आले. इतक्या आदरानं मला आजवर कुणी हाकललेलं नाही.

मग तुमच्या बंधूंनी कुठूनतरी बातमी आणली, की नव्या धंद्यांत पैसे घालणारी मंडळी एका हॉटेलात जमणार आहेत, आपण जाऊन बोलायचं, पटलं तर ते पैसे देतात. गेले. माझ्या आधी एक चष्मेवाला उठला आणि अजून बनलीच नाही अशा एका वस्तूबद्दल इतकं सुंदर बोलला, की मीच पर्स उघडायच्या बेतात होते. मग माझी पाळी. मी चादरींबद्दल बोलले. पुढच्या रांगेतल्या कोटवाल्यानं विचारलं, “तुमचा एक्झिट प्लॅन काय?” म्हटलं, मागच्या बाजूला एक दार आहे, पण तिथे कपडे वाळत असतात. सगळं सभागृह हसलं. (घातलेले पैसे ते पुढे कसे काढून घेणार, असं विचारत होता, हे घरी आल्यावर कळलं.) टाळ्या सगळ्यांत जास्त मला पडल्या. पैसे चष्मेवाल्याला मिळाले. (मला एक कापडी पिशवी दिली. पहिल्याच धुण्यात तिचा रंग गेला.)

पुन्हा बँकेत जाऊन बसले. रोज जायला लागले तेव्हा मॅनेजर कंटाळले आणि म्हणाले, आमचा माणूस येऊन धंदा बघून जाईल, मग ठरवू. तो आला नेमका मी कपडे पोचवायला गेले असताना. घरात आई. (त्या तुमच्या मातोश्री, म्हणून पुढचं सगळं सौम्य करून लिहिते आहे.) त्यांना वाटलं, हा कर वसूल करणारा.

त्यानं विचारलं, इथे लाँड्री चालते ना?

“छे! कुणी सांगितलं? घरचं धुणं आहे हे.”

“आजी, हे सगळे पांढरे कोट?”

“आमच्याकडे सगळे डॉक्टर आहेत.”

त्यानं चादरींच्या ढिगाकडे पाहिलं. आई म्हणाल्या, “पाहुणे फार येतात.” बँकेनं कळवलं, की सदर जागी कोणताही व्यवसाय आढळला नाही, कुटुंब मोठे व उच्चशिक्षित आहे. आईंना हे वाचून दाखवलं तर त्या खूश झाल्या.

मी शेवटी मेट्रनबाईंकडे काम सोडते म्हणून सांगायला गेले. त्या दारातच खेकसल्या, आजच्या चादरी कुठेत? मग माझाही बांध फुटला, आणि मॅनेजर, चष्मेवाला, आई, सगळं भडाभडा सांगून टाकलं. आईंच्या “आमच्याकडे सगळे डॉक्टर आहेत”पाशी आले तेव्हा बाई खुर्चीत बसून हसायलाच लागल्या. डोळे पुसून म्हणाल्या, “अगं बाई, मग मशीन दवाखानाच घेईल. तुझ्याकडे ठेव, थोडं थोडं बिलातून कापू. आम्हाला वाळलेल्या चादरी हव्यात, तुझं तारण घेऊन काय करायचंय?” मला रडूच आलं. त्यांनी रुमाल पुढे केला. आमच्याच लाँड्रीतला होता, ओलसर. जगभर पैसे मागत हिंडले, आणि ज्यांना गरज त्यांनाच तेवढं विचारलं नाही! तुमचे बंधू म्हणतात, हे मला आधीच सुचलं होतं. भाऊजी, त्यांचे शर्ट मी त्या दिवशी सगळ्यांत शेवटी वाळत घातले.

असो. मशीन काल आलं. आईंनाही आवडलं आहे.

तुमची, हातांना सुरकुत्या आणि जिवाला जरा गारवा मिळालेली,
धाकटी भावजय

ता. क. मशीन आलं, पण आत गेलेलं नाही. दाराहून वीतभर रुंद निघालं, रात्रभर ओट्यावर ताडपत्रीखाली होतं. रस्त्याकडची भिंत थोडी पाडावी लागेल. घर तुमच्या नावावर असल्यानं तुमची लेखी परवानगी घ्यावी, असं तुमच्या बंधूंचं म्हणणं पडलं, म्हणून हे पत्र.

आणखी एक. गवंडी आज सकाळीच मोकळा होता, पुन्हा लवकर मिळणार नाही म्हणाला. तेव्हा परवानगीची घाई नाही. खोलीत उजेड फार छान येतो आहे. पाठवाल तेव्हा तारीख मात्र कालची घाला.