पडद्यावरच्या मुलीचा आवाज

प्रिय चिमणे,

मावशीकडून तुझी खुशाली कळते. तुला नोकरी लागली, सकाळी स्वतःचा डबा स्वतः भरून निघतेस, हेही तिनेच सांगितलं. तू गेल्याला दोन महिने झाले आणि मला तुला चार ओळी लिहवल्या नाहीत. कुठल्या तोंडाने लिहू, असं होत होतं. आवाजावर पोट भरणाऱ्या बाईची वाचा बसावी, याला काय म्हणायचं? बाबा बरे आहेत. माझ्याशी बोलत नाहीत, पण चहा मी केलेलाच पितात.

तू गेलीस त्या दिवशी दुपारी मी स्टुडिओत डबिंगला होते. परभाषेतला सिनेमा, त्या जुन्या परीकथेवरचा. तीच राखेत बसणारी मुलगी, तोच हरवलेला बूट. फक्त यातली मुलगी गरीब गाय नाही. राजपुत्रावर तिचा जीव आहे, पण तो बूट घेऊन दारात येतो तेव्हा ती पाय पुढे करत नाही. म्हणते, "तू मला शोधत होतास की माझा पाय? बूट ठेव आणि उद्या ये. बोलायला ये, माप घ्यायला नको." हे वाक्य मी पहिल्याच फटक्यात दिलं. काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाले, "बाई, आज वाघीण आलीय स्टुडिओत." मी अगदी हरखून घरी आले.

घरी तुला बघायला मंडळी येऊन बसली होती. तू हो म्हटलं नव्हतंस. बाबांनी परस्पर बोलावलं होतं आणि मला ते ठाऊक होतं. मुलाच्या आईने तुला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "उंचीला जरा कमी वाटते. चालून दाखवेल का?" तू बाकी कुणाकडे नाही, माझ्याकडे बघितलंस. आणि मी म्हणाले, "चाल गं बाळा."

तू चाललीस. खुर्च्यांमधून, टीपॉयला वळसा घालून, पायात चपला सरकवून, थेट दाराबाहेर. मंडळींना वाटलं, आता वळून परत येशील. बिचारी बराच वेळ दाराकडे बघत बसली होती.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकांना तेच वाक्य जरा हळुवार हवं होतं. मी माइकसमोर उभी राहिले. पडद्यावर तिचे ओठ हलले, माझे हलेनात. पुन्हा लावलं, तर 'माप' या शब्दावर आवाज फुटला. रेकॉर्डिंगवाल्याने पाणी आणून दिलं, घसा बसलाय का विचारलं. मी हो म्हटलं. भुईने पोटात घ्यावं, अशी लाज वाटली. मग बाहेर जिन्यात जाऊन मुलाच्या आईला फोन लावला. "आमच्या मुलीला हे स्थळ नको आहे आणि मलाही नको आहे," इतकंच म्हणाले, तेही चाचरत. त्या म्हणाल्या, "हे कालच सांगायचं होतं." त्यांचं काही चुकलं नव्हतं.

हे तुला कळवलं नाही, कारण उशिरा सुचलेल्या हिमतीची फुशारकी काय मारायची? पण मावशी म्हणाली, शुक्रवारी तो सिनेमा लागतोय आणि तू मैत्रिणींबरोबर जाणार आहेस. तिथे ती मुलगी माझ्या आवाजात बोलेल. त्यांनी पहिल्या दिवशीचाच आवाज ठेवलाय, ठणठणीत. फुटलेला टाकून दिला. तू तो ऐकण्याआधी हे सगळं तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहायला बसले. आणि एक विचारायचं होतं. घरी चल, असं मी म्हणणार नाही. पण शुक्रवारी सिनेमाला मी आले तर चालेल का? तुझ्या शेजारी नाही, मागे कुठेतरी बसेन. नको वाटलं तर तसं सांग. तू सरळ सांगशील, याची मला खात्री आहे. सरळ बोलणं तू शिकलीस, पण ते माझ्याकडून नाही.

तुझीच,
आई